आपल्या माणसाची सूट

तुमच्या घरात कोण राहणार आणि कोण नाही, हे तुम्ही ठरवता की तुमच्या पगाराचा आकडा?

उत्तराची घाई करू नका. काही वर्षांपूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर मी हसून म्हटलं असतं, घर माझं आहे, मीच ठरवते. आज परदेशात, ल्यूकन नावाच्या उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चौदा नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत आणि पंधरावीची जागा मोकळी आहे. त्याच कपाटात माझा मसाल्याचा डबा असतो. दिवसातून दहा वेळा दार उघडते आणि दहा वेळा ती मोकळी जागा डोळ्यांसमोर येते. चिठ्ठ्या माझ्या वडिलांनी लावल्या. ते आता नागपुरात आहेत.

मी पत्रकांवर वाढले. बाबा नागपूरजवळच्या एका कारखान्यात लेथवर होते. नोकरी मिळाली खेळाडू म्हणून. कारखान्याला बास्केटबॉलचा संघ उभा करायचा होता आणि बाबा चेंडू घेऊन पळणारे चपळ गार्ड होते. काही वर्षांनी व्यवस्थापनानं संघ बंद केला. लेथ राहिला. मग बाबांनी युनियनसाठी लिहायला घेतलं. कंत्राटी कामगारांची रोजी, कॅन्टीनमधली डाळ, सुरक्षेचे बूट, प्रत्येक गोष्टीवर एक पान, पाठपोट. छापखान्यातून प्रूफ आलं की ते माझ्या हातात यायचं, कारण घरात शुद्धलेखन माझं चांगलं होतं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

बाबांचा नियम एकच होता. "वेलांटी सुधर, मात्रा सुधर. ओळ काढू नको."

ओळ वाढवायची असेल तर विचारून वाढवायची. काढायची नाही. घाबरून काढलेली ओळ मालकाच्या उपयोगी पडते, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी माझ्यात पक्कं भिनवलं. आजही मला सरकारी फॉर्मवरचा चौकोन रिकामा सोडता येत नाही.

पत्रकं वाटून झाली की बाबा मला कॉलनीच्या मैदानावर न्यायचे. तिथं एक रिंग होती, जाळी नसलेली. चेंडू आत गेला की नाही, यावर आमची रोज भांडणं व्हायची. "गेला!" मी ओरडायची. "बाजूनं गेला वं," बाबा म्हणायचे आणि चेंडू मला परत द्यायचे.

लग्नानंतर मी नवऱ्याच्या मागून इथं आले. तो पुण्याचा, ब्युमॉन्टला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. माझ्या कागदपत्रांवर माझी ओळख 'डिपेंडंट' अशी होती. पहिलं वर्ष मी नोकरी शोधण्यात घालवलं आणि त्या शब्दाकडे बघून रोज जळले. फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते भडकले. "अवलंबून? तू? कोण म्हणते? पत्र लिही त्याईले!" पुढं क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमध्ये एका गोदामाच्या ऑफिसात मला काम मिळालं. शब्द कागदावरून गेला, माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग आई गेली. मी एकुलती एक. बाबा दोन खोल्यांत एकटे राहू लागले. रोज संध्याकाळी फोनवर "जेवलो" एवढं सांगायचे, काय जेवले ते सांगायचे नाहीत. मी ठरवलं की त्यांना कायमचं इथं आणायचं.

त्यासाठी इथल्या सरकारच्या दोन अटी होत्या. आमच्या दोघांचं उत्पन्न सलग तीन वर्षं एका आकड्याच्या वर हवं. आणि बाबा खर्चासाठी आमच्यावर अवलंबून आहेत, हे दाखवायला हवं. आकड्याचं मला माहीत होतं. तीन वर्षांतलं एक माझं नोकरी शोधण्याचं वर्ष होतं. तरी अर्ज करायचा ठरवला. सोबत बाबांचं एक पत्र जोडायचं होतं. त्यांनी ते मराठीत लिहिलं, फोटो काढून पाठवला, मी इंग्रजीत करायला बसले. सुंदर पत्र होतं. आईबद्दल दोन साधी वाक्यं होती, माझ्याबद्दल चार. शेवटी लिहिलं होतं: 'मी पैशासाठी कोणावरही अवलंबून नाही. मला पेन्शन मिळते आणि ती आम्ही भांडून मिळवली आहे.'

नवऱ्यानं खांद्यावरून वाचलं. "ही ओळ काढ."

"का?"

"का काय? फॉर्म विचारतोय, हा माणूस तुमच्यावर अवलंबून आहे का. आणि तुझे बाबा सांगतायत, अजिबात नाही!"

"खरं आहे ते."

"खरं आहे गं. मी खोटं लिही म्हणतोय का? फक्त गप्प बस. एक ओळ."

"त्यांची ओळ आहे."

"तू मुलगी आहेस त्यांची, छापखान्यातली कंपॉझिटर नाहीस," तो म्हणाला आणि ड्युटीला गेला.

मी पत्र पूर्ण भाषांतरित केलं. ती ओळ तर जास्तच नीट केली. पाकीट बंद करताना मला माझा अभिमान वाटत होता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

निकालाला वेळ लागणार होता. तोवर बाबा डिसेंबरच्या शेवटी पाहुणे म्हणून आले, नव्वद दिवसांसाठी.

अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने आपण झोपेत असताना होतात. मी रेकॉर्डिंग सकाळी साडेसहाला बघते, कामावर निघायच्या आधी, फोन पालथा ठेवून, म्हणजे निकाल कळायला नको. बाबा आले तेव्हा मला वाटलं, त्यांना सकाळी शांतता लागेल. पहिल्याच दिवशी मी खाली आले तर बाबा चहा करून सोफ्यावर बसलेले होते. "लाव तुही मॅच."

पहिला सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. त्यांनी सगळ्यात उंच खेळाडूकडे बोट केलं. "याचा पगार किती?"

बाबांचा कुणाबद्दलही पहिला प्रश्न हाच असतो. बसचालकाबद्दल, बातम्या देणाऱ्या बाईबद्दल, साखरपुड्याच्या दिवशी माझ्या नवऱ्याबद्दलही हाच होता. मी आकडा सांगितला. ते चहा पिणं विसरले. मग मी म्हटलं, "पण हवा तितका देता येत नाही, बाबा. संघाच्या सगळ्या पगारांच्या बेरजेवर वरची मर्यादा असते. सॅलरी कॅप."

"पगारावर झाकण?"

"तसंच."

"जन्मभर आमी किमान वेतनासाठी भांडलो, आन् हे कमाल वेतनाचा कायदा करून बसले!" कप टेबलावर आपटला. "मालकाच्या नफ्याले झाकण आहे का?"

"नाही."

"मंग? बसून काय राहिली? पत्रक लिही."

तो सामना आम्ही पाहिलाच नाही. मी कॅपच्या बाजूनं बोलत राहिले. श्रीमंत शहरातला मालक सगळे चांगले खेळाडू विकत घेईल, लहान शहराचा संघ जन्मभर हरेल, म्हणून मर्यादा. बाबांनी ते एका वाक्यात निकालात काढलं: "म्हणजे मालक मालकाले भेते, आन् त्याची भरपाई कामगार करते." मला ते पटत होतं, हेच वाईट. शेवटी मी माझं राखून ठेवलेलं अस्त्र काढलं. "बाबा, या करारावर खेळाडूंच्या युनियनची सही आहे."

ते थांबले. "युनियन आहे?"

"आहे. काही वर्षांनी नवा करार होतो. उत्पन्नातला ठरलेला वाटा खेळाडूंचा. सगळ्यात कमी पगार किती, तो ठरलेला. संघानं पगारांवर निदान अमुक इतका खर्च करायचाच, हेही ठरलेलं."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग हळू आवाजात म्हणाले, "सही केली असन तर कायतरी घेतलं असन." मला माहीत होतं ते कुठं पोचले होते. एका करारात त्यांच्या युनियननं जुन्या कामगारांची वाढ अर्ध्यावर आणून कंत्राटी कामगारांना कायम करून घेतलं होतं. बाबा जुन्यांपैकी होते आणि सहीही त्यांचीच होती. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळ्या संघांच्या पगारांची यादी छापून आणली. बाबांनी कागद उलटसुलट केला. "मालकाचा कागद?"

"हो."

"मंग एकाच बाजूनं काऊन छापलं?"

खेळ असा ठरला की पूर्ण लीगमधून पंधरा खेळाडू निवडायचे आणि बेरीज झाकणाखाली ठेवायची. आमच्या दारातून रोज जाहिरातींची पत्रकं आत पडतात, पिझ्झाची, गटार साफ करणाऱ्यांची, निवडणुकीला उभ्या असलेल्यांची. बाबा ती सगळी मन लावून वाचायचे. "कागद एक नंबर, मजकूर भिकार," असा शेरा मारून त्यांच्या चिठ्ठ्या कापायचे. प्रत्येक चिठ्ठीवर खेळाडूचं नाव आणि पगार, आणि मग ती कपाटाच्या दारावर. इथं स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. हे कळल्यावर बाबा खूश झाले. रोज सकाळी विचारायचे, "चाल, प्रेसवर जाऊ?"

झाकणाखाली संघ बांधणं हे एक वेगळंच दुखणं आहे. बहुतेक संघ दोन किंवा तीन मोठे खेळाडू घेतात. एकेकाचा पगार बेरजेचा चौथा हिस्सा, कधी तिसरा. मग उरलेल्या बारा-तेरा जणांसाठी फारसं काही शिल्लक राहत नाही, म्हणून त्यांना किमान पगारावर घेतात. वर डोंगर, खाली सपाट, आणि मधला माणूस विरळ होत जातो. बाबांना हे मान्य नव्हतं. त्यांनी एकही मोठा खेळाडू घेतला नाही. सगळे मधले. जवळजवळ सारख्या पगाराचे.

"हा संघ हरेल, बाबा."

"हरू दे."

"प्रत्येक सामना."

"खोलीत भांडणं तर होणार नाई."

माझा नवरा ड्युटीवरून आला होता, भूक लागल्यामुळे कपाटाचं दार उघडायला बघत होता. "बाबा, तुम्ही पंधरा ज्युनिअर डॉक्टरांचं हॉस्पिटल काढलंय. एक तरी सर्जन घ्या!"

"तुमच्या सर्जनले विचारा जावईबापू, रात्रपाळीचे ज्युनिअर नाई आले तर तो सकाळी काय कापते."

नवऱ्यानं हात जोडले आणि बिस्किटं काढली.

बाबांनी पहिली चिठ्ठी ज्याची लावली, तो माझ्या आवडत्या संघाचा आठवा माणूस होता. पाच जण मैदानात उतरतात, मग सहावा, सातवा येतो, मग हा यायचा. वय झालेलं, गुडघ्याला पट्टा. टाळ्या त्याच्यासाठी क्वचितच. पण तो आला की बाकीच्यांच्या जागा नीट व्हायच्या. हात दाखवून तो दुसऱ्यांना उभं करायचा, अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसासमोर पाय रोवून उभा राहायचा आणि धाडकन पडायचा. सात हंगाम तो याच संघात होता. बाबांनी त्याला दुसऱ्याच सामन्यात ओळखलं. "हा युनियनचा माणूस आहे," ते म्हणाले. मी विचारलं, कशावरून? "पडल्यावर स्वतः उठायच्या आधी पायते, बाकीचे कुठी उभे आहेत."

त्याच्यामुळेच मी बाबांना कॅपमधली ती पळवाट सांगितली. संघाची बेरीज झाकणाच्या वर गेली तर बाहेरचा महाग खेळाडू नुसता पैसे देऊन घेता येत नाही. पण जो खेळाडू सलग तीन हंगाम आपल्याकडे खेळला आहे, त्याला ठेवून घेण्यासाठी झाकण ओलांडायला परवानगी आहे.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे आपल्या माणसाची सूट." त्यांनी एका मोठ्या चिठ्ठीवर ते शब्द लिहिले आणि दाराच्या अगदी वर चिकटवले. "एवढे पैशेवाले लोकं, पण एवढी समज आहे त्याईले."

चौदा नावं झाली आणि ते थांबले. संघ कधी कधी एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, हे मीच त्यांना सांगितलं होतं. हंगामात पुढं कुणी चांगला माणूस मोकळा झाला तर घेता येतो.

"ही जागा कुणासाठी?" मी विचारलं.

"माह्यासाठी. गार्ड होतो मी."

फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या सकाळी टीव्ही लावायच्या आधी मी फोन पाहिला, आणि पाहायला नको होता. आठवा माणूस गेला होता. माझ्या संघानं एक मोठा खेळाडू आणला होता आणि त्याच्या बदल्यात तिघांना पाठवलं होतं.

"त्यानं काय केलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"खेळ खराब झाला?"

"नाही."

"मंग काऊन?"

"पगार जुळवावा लागतो, बाबा. झाकणाच्या वर असलेल्या संघाला येणारा पगार आणि जाणारा पगार जवळपास सारखा ठेवावा लागतो. येणारा मोठा होता. तिघांची बेरीज जुळली. किमान पगाराचा असता तर त्याच्यानं काही जुळलं नसतं. सगळ्यात मोठा असता तर त्याला कुणी दिला नसता."

"मधला होता म्हणून."

"मधला होता म्हणून."

बाबांनी दाराकडे पाहिलं. "आन् ती सूट? सात वर्षं खेळला ना तो?"

"सूट मालकाला असते. वापरायची की नाही, ते मालकच ठरवतो."

त्यांनी त्याची चिठ्ठी काढली नाही. माझ्या संघानं पुढचे सामने दणक्यात जिंकले. नवा माणूस अप्रतिम होता. एका बास्केटला मी उठून टाळ्या वाजवल्या आणि मग लक्षात आलं की बाबा बसून आहेत, हात मांडीवर.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पाकीट आलं. मला सुट्टी होती, नवरा ड्युटीवर. जेवणाच्या टेबलाशी बसून मी पत्र उघडलं. बाबा समोर बसले, पूर्वी प्रूफ वाचताना बसायचे तसे, हाताची घडी घालून. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. अर्ज नाकारला आहे. उत्पन्न तीन वर्षांपैकी एका वर्षी कमी पडलं. मग मी एक परिच्छेद ओलांडला आणि शेवटचा वाचला, फेरअर्जाबद्दलचा.

"आन् मधलं?"

"मधलं काही नाही, बाबा. नेहमीचं."

"कागद दे."

त्यांनी चष्मा लावला. बाबांना इंग्रजी हळू वाचता येतं, बोट ठेवून. बोट दुसऱ्या परिच्छेदावर आलं आणि तिथं राहिलं. अर्जदारानं स्वतःच्या पत्रात आपण कुणावर अवलंबून नसल्याचं म्हटलं आहे, असं तिथं लिहिलं होतं.

"गाळलं तू."

"हो."

"नऊ वर्षांची होती तेव्हापासून एक ओळ नाई गाळली. आन् आज अख्खा परिच्छेद?"

मला रडू फुटलं आणि रागही आला. "तुम्ही लिहायलाच नको होतं ते!"

"तू कापायचं होतं."

"तुम्हीच शिकवलं ना, कापायचं नाही म्हणून?"

बाबांनी चष्मा काढला. पत्राची घडी पूर्वीच्याच घडीवर नीट केली. मग म्हणाले, "पेन्शन एवढी आहे की गरीब म्हणता येत नाई. तुमचा पगार एवढा नाई की श्रीमंत म्हणता येईन. मधला निघालो मी. त्या आठव्यासारखा." आणि उठून चहा ठेवला. दोघांना अर्धा-अर्धा, आलं जास्त.

सगळ्यात जास्त काय बोचतं, तेही सांगते. ती ओळ नसती तरी अर्ज नाकारलाच असता. उत्पन्न कमीच होतं. पण त्या दिवसापासून बाबांना वाटतं की त्यांच्या लेखणीमुळे झालं, आणि मला वाटतं की माझ्या अभिमानामुळे. आकडा मात्र कुणालाच आठवत नाही. नियम असेच निसटतात. माणसं एकमेकांकडे बघत राहतात.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी आम्ही जवळच्या पार्कात गेलो. तिथं एक रिंग आहे. वारा होता, चेंडू भलतीकडे जात होता. बाबांनी जाकिटाची चेन वर ओढली, पाय जुळवले आणि जुन्या पद्धतीनं, छातीपासून दोन्ही हातांनी चेंडू टाकला. पाचवा आत गेला. सर्र असा आवाज झाला.

ते वर बघत राहिले. "जाळी आहे नाई का. म्हणून आवाज येते."

"हो."

"आपल्याकडं जाळी असती तर एवढं भांडलो नसतो."

मी चेंडू आणून दिला. त्यांनी परत टाकला, मग परत. निघायची वेळ झाली तरी मी चेंडू आणून देतच होते. विमानतळावर त्यांनी माझ्या हातून बॅग घेतली. "चिठ्ठ्या काढू नको," एवढंच म्हणाले आणि रांगेत गेले. माझ्या नवऱ्यानं माझी पर्स धरली होती, का ते कळत नव्हतं, मलाही आणि त्यालाही.

आता मी सकाळी दोन सामने बघते. माझ्या संघाचा, आणि जिकडं आठवा माणूस गेला त्या संघाचा. तिकडं तो दहावा आहे. संध्याकाळी फोनवर बाबा आधी त्याचं विचारतात. "आपला माणूस कसा खेळून राहिला?" मी सांगते, आज चारच मिनिटं उतरला. मग ते सांगतात, जेवलो. हल्ली काय जेवले तेही सांगतात, कारण आता त्यांना माहीत आहे की मी विचारणारच.

पार्कातून जाताना कधी तो जाळीचा आवाज येतो. मी थांबते. कोण टाकतंय ते बघत नाही.

तीन हंगाम सोबत खेळलेल्या माणसाला ठेवून घेण्यासाठी जगातल्या एका पक्क्या धंदेवाईक लीगनं आपलाच नियम मोडायची सोय केली आहे. सव्वीस वर्षं ज्याच्या घरात मी वाढले, त्याच्यासाठी माझ्याकडे अशी सोय नाही. मी हे इथं ओळखीच्यांना सांगते तेव्हा ते मान हलवतात आणि त्यांच्या आईची, सासऱ्यांची नव्वद दिवसांची गोष्ट सांगतात. प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. प्रत्येकानं ती मनात ठेवली आहे, कारण प्रत्येकाला वाटतं की चूक आपली झाली: एका वर्षाचा पगार, एक फॉर्म, एक ओळ.

मागच्या महिन्यात बाबांचा फोटो आला. वहीचं पान, त्यांचं उभं अक्षर. खाली निरोप: 'नवीन पत्र. प्रूफ पाह्य.' मी सगळ्यात आधी शेवट वाचला. जुनी ओळ तशीच होती. मी पैशासाठी कोणावरही अवलंबून नाही. मला पेन्शन मिळते आणि ती आम्ही भांडून मिळवली आहे. त्यांनी काढली नव्हती. खाली दोन ओळी वाढवल्या होत्या.

'सकाळचा चहा कोणासोबत प्यायचा, यासाठी मात्र मी माझ्या मुलीवर अवलंबून आहे. तुमच्या फॉर्ममध्ये यासाठी चौकोन नाही, म्हणून येथे लिहीत आहे.'

मी फोन केला. "एक मात्रा चुकलीय, बाबा."

"बाकी?"

"बाकी बरोबर आहे."

"काही काढायचं?"

"काही नाही."

यंदा आमची तीन वर्षं आकड्याच्या वर आहेत. पेन्शनचं कोडं तसंच आहे आणि ती ओळही तशीच जाणार आहे. म्हणून या वेळी मी पाकीट नुसतं टपालात टाकणार नाही. इथं आपल्या भागाचे लोकप्रतिनिधी शनिवारी सकाळी लोकांना भेटतात, कुठल्या तरी दुकानावरच्या खोलीत. त्या भेटीला क्लिनिक म्हणतात, आणि माझा नवरा म्हणतो, चला, एक तरी क्लिनिक असं आहे जिथं रांग आमच्यामुळे नाही. मी त्या रांगेत बाबांचं पत्र घेऊन उभी राहणार आहे आणि एकच मागणी करणार आहे: आपल्या माणसासाठी एक सूट लिहा.

एकटीचं पान तिथं फार लवकर घडी होऊन खिशात जातं, म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याही टेबलाशी एक खुर्ची नियमामुळे रिकामी असेल तर आज एक पान लिहा. त्या माणसावर तुम्ही कशासाठी अवलंबून आहात, तेवढंच लिहा. पगार लिहायचा तर खरा लिहा. कुणी सांगितलं तरी एकही ओळ काढू नका. आणि शनिवारी सकाळी ते पान घेऊन तुमच्या भागातल्या रांगेत उभे राहा.